वायरीवरचं बोट

२००६ साली, गणपतीच्या आधीच्या एका रविवारी, उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका दुकानात सतरा हजार रुपये रोख देऊन एक जुना डीजे कंट्रोलर विकत घेतला गेला. हजर तिघे होतो : सिंधी दुकानदार, विकत घेणारे भाऊ आणि मी. माझं काम नोटा मोजण्याचं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत हिशेब लिहायचो, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधलं कुणीही मोठी खरेदी करायला निघालं की मला बरोबर नेत. भाऊ माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे.

दुकानदाराने यंत्र लॅपटॉपला जोडून गाणं लावलं. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मध्ये बटणं आणि वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या. भाऊंनी वजन बघायला ते जरा उचललं आणि गाणं बंद पडलं. लॅपटॉप ‘टुंग’ असं वाजला. दुकानदाराने मागची चौकोनी यूएसबी वायर आत दाबली, गाणं सुरू झालं. हात काढला, पुन्हा बंद.

“भाऊ, नको,” मी म्हणालो. “पोर्ट ढिला आहे.”

“अरे साईं, पोर्ट म्हणजे काय, सोल्डरच्या दोन टाक्यांचं काम,” दुकानदार म्हणाला. “कारीगर गावाला गेलाय. पंधरा दिवसांनी आणा, करून देतो. मशीन राजा है, राजा!”

भाऊंनी तोवर डावा हात यंत्राच्या मागे नेऊन वायरीवर एक बोट टेकवलं होतं. गाणं चालू होतं. ते बोटाकडे बघत म्हणाले, “असं धरलं की झालं की. बोट माझंच आहे, त्याला काय भाडं पडतंय?”

पंधरा दिवसांनी ते गेले नाहीत. नंतरही गेले नाहीत.

तुम्ही हळदीला, बारशाला, जयंतीच्या मिरवणुकीला डीजे पाहिला असेल. काळा टी-शर्ट, कानावर हेडफोन, अंगात वारं भरल्यासारखा हलणारा एखादा पोरगा. भाऊ पन्नाशीचे होते. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, नाकावर चष्मा. रेशनच्या दुकानावरचा माणूस चुकून डीजेच्या टेबलामागे येऊन उभा राहिलाय असं वाटायचं. उजवा हात सगळी कामं करी आणि डावा कायम यंत्रामागे. नवीन लोकांना ती स्टाइल वाटायची. कॉलेजची मुलं त्यांना ‘एकहाती डीजे’ म्हणत.

त्यांची केमिकलची कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशातून बहुतेकांनी रिक्षा घेतली. मीही त्यांना तेच सांगितलं होतं. रिक्षाचा रोजचा गल्ला, गॅस, हप्ता, सगळं कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण डीजे म्हटलं की आमंत्रण येतं हो.”

मला तेव्हा ते उत्तर अव्यवहारी वाटलं.

आमंत्रणं येत, हे खरं. पण तिथे गेल्यावर भाऊ काय करत ते बघण्यासारखं होतं. यजमान येऊन म्हणायचे, “भाऊ, जेवून घ्या, पंगत बसतेय.” भाऊ हसून मान हलवायचे. “मी इथंच बरा. वायर सुटेल.” कुणी नाचायला ओढायचं, “मी इथंच बरा.” फोटोग्राफर म्हणायचा, या हो, एक फोटो सगळ्यांबरोबर. “मी इथंच बरा, मागे दिसतोय ना तेवढा?” मग कुणीतरी ताट आणून टेबलावर ठेवी. भाऊ उजव्या हाताने जेवत, आणि गाणं बदलायची वेळ आली की कोपराने बटण दाबत. वरणभात झाल्यावर तेच कोपर रुमालाने पुसत.

एकदा अंबरनाथ पूर्वेला एका हळदीत ऐन रंगात आल्यावर त्यांना शिंक आली. बोट हललं. टुंग. पन्नास माणसं हात वर केलेल्या अवस्थेत उभी. एक आत्याबाई तर गुडघे वाकवून अर्ध्यावर थांबलेल्या, ना खाली ना वर. भाऊंनी घाईने माइक घेतला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, “शिंक आली. माफ करा.” लोक इतके हसले की यजमानाला रागावताही येईना.

मी मात्र रागावलो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, “चला, आत्ताच्या आत्ता कॅम्प पाचला जाऊ. दोन टाके मारायचे आहेत, दोनशे रुपयांच्या वर जाणार नाही. एक सुपारी हातची गेली तर किती नुकसान?” सुपारी म्हणजे त्यांच्या धंद्यात कार्यक्रमाचं बुकिंग.

“जाऊ की,” भाऊ म्हणाले. “पुढच्या आठवड्यात.”

त्यांना पैशाची चिंता नव्हती, कष्टाचा कंटाळाही नव्हता. मग हा माणूस एवढंसं काम का करून घेत नाही, याचा उलगडा मला आमच्या घरच्या पूजेला झाला. त्यांना मी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. यंत्र नाही, वायर नाही. भाऊ आले. चपलांच्या रॅकजवळ उभे राहिले. डावा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आधी खिशात घातला, मग पाठीमागे नेला, मग दाराची कडी धरली. माझ्या बायकोने प्रसाद दिला तो उभ्यानेच खाल्ला. कुणी काही विचारायच्या आत, “बराय मग” म्हणून जिना उतरून गेले. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

त्या दिवसापासून मी पोर्टाचा विषय काढायचं सोडून दिलं.

त्यांच्या घरात ते एकटेच असायचे. भाऊ बौद्ध, मूळ सोलापूरकडचे. बायको बदलापूर गावातल्या आगरी घरातली. दोघांनी मनाने लग्न केलं होतं आणि ते बरीच वर्षं चांगलं चाललं. कंपनी बंद पडल्यावर बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. चार दिवस, म्हणून. भावाने तिला मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून दिल्या. चाराचे चाळीस झाले, शाळेचं वर्ष सुरू झालं, मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. “भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं,” भाऊ एकदा म्हणाले होते. “झालंच नाही हो. मिटवायचं काय?”

ते मुलीला भेटायला जात का, हे मी कधी विचारलं नाही. सणाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि अर्ध्या तासात परत येत. बदलापूरला जाऊन यायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणजे स्टेशनवरूनच परत येत असावेत.

२००९ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी भाऊ मोबाइल हातात धरून वर आले. बसले नाहीत.

“बदलापूर गावातली सुपारी आलीय,” म्हणाले. “हळदीची. चार हजार.”

“चांगलंय की.”

“माझ्या मुलीची हळद आहे.”

माझ्या बायकोने चहाचं आधण गॅसवरून उतरवलं. भाऊंनी सांगितलं ते असं. फोन मांडवाच्या कंत्राटदाराचा होता. डीजेही तोच ठरवतो. भाऊ कोण, हे त्याला माहीत नव्हतं. तो सहज बोलून गेला, “मुलगी हट्टाला पेटलीय, अंबरनाथचा तो एका हाताने वाजवणारा काकाच पाहिजे म्हणते. काय जादू केलीत हो?”

“मग? जाणार?” मी विचारलं.

“सुपारी घेतली.” ते मग माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, हळद दोन्ही हातांनी लावतात ना?”

“दोन्ही हातांनीच,” ती म्हणाली. “गालांना, हातांना, पायांना.”

“मग त्या पोर्टाचं बघायला पाहिजे,” भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅम्प पाचला गेलो. दुकानदार तोच होता. कारीगराने यंत्र उघडलं, मागचा पोर्ट काढून नवा बसवला, चार ठिकाणी टाके मारले. चहा प्यायच्या आत काम संपलं.

“साईं, तीन वर्ष तुम्ही बोटाने पकडून होता?” दुकानदार बघतच राहिला. “लग्नात?”

“लग्नातच,” भाऊ म्हणाले.

“आणि नाचायचं कोणी?”

“नाचणारे पुष्कळ असतात.”

दुकानदाराने वायर हलवून दाखवली, ओढून दाखवली. गाणं अडखळलंसुद्धा नाही. “हात वर करा, साईं. दोन्ही. आता आझाद!” भाऊंनी खरोखरच दोन्ही हात थोडे वर केले, खिसे तपासून घेताना माणूस करतो तसे, आणि लगेच खाली घेतले. खुश झालेले दिसले नाहीत. घाबरल्यासारखे दिसले.

हळदीच्या दिवशी त्यांनी मला बरोबर चला म्हटलं. “ओळखीचा एक तरी माणूस असावा.” स्पीकर भरलेल्या टेम्पोत मी पुढे बसलो. भाऊंनी नवा पांढरा शर्ट घातला होता, पुठ्ठ्यावरच्या घड्या अजून दिसत होत्या.

“हळदीला पांढरा?” मी म्हणालो. “डाग निघायचा नाही.”

“असू दे,” म्हणाले.

बदलापूर गावात, मामाच्या घरापुढे मांडव होता. आंब्याच्या डहाळ्या, कागदी झुंबरं, एका बाजूला कढया चढलेल्या. आम्ही टेबल लावत होतो तेवढ्यात मुलीचा मामा आला. उंच, पिकलेल्या मिशांचा, खांद्यावर टॉवेल. भाऊंना पाहून जागीच थांबला.

“तुला कोनी बोलावलं?”

“मांडववाल्याने. सुपारी आहे.”

मामाने इकडेतिकडे पाहिलं. नवऱ्या मुलाकडची काही मंडळी येऊन बसली होती. त्यांना सांगितलेलं होतं की मुलीचा बाप नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, सुट्टी मिळत नाही. मामाने आवाज खाली आणला. “वाजवाला आलास, वाजव. तेवढंच. पोरीच्या सासरचे हाईत इथं, मना तमाशा नको.”

“नाही होणार,” भाऊ म्हणाले.

मामा वाईट माणूस नव्हता. बहिणीला आणि भाचीला त्यानेच सांभाळलं होतं, या लग्नाचा सगळा खर्च त्याचाच होता. थोड्या वेळाने त्याने आम्हाला दोन ग्लास सरबत पाठवलं. भाऊंची बायको पूजेचं ताट घेऊन बाहेर आली, टेबलाकडे पाहून क्षणभर उभी राहिली, आणि एका मुलीला म्हणाली, “तिकडं पंखा फिरव गो. त्यांना ऊन लागतंय.” आत गेली.

चारच्या सुमारास गाणी सुरू झाली. गल्ली भरून नाचली. भाऊंनी इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. दोन्ही हात होते ना. एक गाणं उतरत असताना दुसरं अलगद वर चढायचं. मला त्यातलं कळत नाही, पण त्या दिवशी कळलं.

मग मुलीला बाहेर आणलं. पाटावर बसवलं. पिवळी साडी, हातात नारळ. तिने बसता बसता एकदा टेबलाकडे पाहिलं. भाऊंनी गाणं बंद केलं आणि दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवून उभे राहिले. 

आईने हळद लावली. मामा-मामीने लावली. पाच सवाष्णी झाल्या, मावश्या झाल्या, शेजारणी झाल्या. मी बघत होतो. भाऊ बघत होते. कुणी या बाजूला मान वळवत नव्हतं. वाटीतली हळद कमी कमी होत होती.

आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायला एक बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. ती गाते तेव्हा डीजे गप्प. इथली धवलारीण सत्तरीच्या पुढची होती, लुगडं नेसलेली, तोंडात पान. भाऊंनी स्वतः तिला माइक नेऊन दिला, तोंडापासून किती लांब धरायचा ते दाखवलं आणि परत टेबलामागे आले. ती गाऊ लागली. नवरीचं नाव घेतलं. आईचं घेतलं. मामाचं, मामीचं घेतलं. मग थांबली.

“बापाचं नाव काय गो?” तिने विचारलं. माइक तसाच तोंडाशी. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

मामा म्हणाला, “मामाचं घे ना, आत्ये. चालतं.”

“मामाचं घेतलं. मना बापाचं पायजे.”

“बाप बाहेरगावी हाय तिचा,” मामी म्हणाली.

“बाहेरगावी जाताना कोन नाव घेऊन जातं काय?” म्हातारी म्हणाली. मागे बसलेल्या दोन-तीन बायका हसल्या. “नाव नाय तर धवला हितंच अडला. मी काय कालची गानारी नाय.”

नवऱ्याकडची मंडळी आता कान देऊन ऐकत होती. मामाने भाऊंकडे पाहिलं. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनंतीच होती. भाऊंचा हात माइकच्या पट्टीवर गेला आणि त्यांनी आवाज हळूहळू खाली आणून पार बंद केला. एवढंच ते त्या घरासाठी करू शकत होते.

त्याच वेळी मुलीने मान वर केली आणि नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनावासकट. साध्या आवाजात, शाळेत हजेरी देतात तसं.

धवलारणीने माइकवर एक टिचकी मारली, तो मेलाय हे तिच्या लक्षात आलं. तिने तो मांडीवर टाकला आणि विनामाइक, आधीपेक्षा दुप्पट आवाजात गायला लागली. भाऊंचं नाव तिने एकदा घेतलं, ओळ वळवून पुन्हा घेतलं. मी त्या माणसाशेजारी कित्येक वर्षं राहिलो. त्यांचं पूर्ण नाव इतक्या मोठ्याने कुणी उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

काही झालं नाही. मामा मांडवाच्या खांबाकडे बघत उभा राहिला. नवऱ्याची आई शेजारणीच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघी पुन्हा गाणं ऐकू लागल्या.

“जा,” मी भाऊंना म्हणालो. “वाटी तिथंच आहे. जा आता.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा डावा हात यंत्रामागे गेला होता. नवा पोर्ट, चार पक्के टाके, आणि ते बोटाने वायर घट्ट दाबून उभे होते. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

“भाऊ, वायर सुटत नाही आता.”

“मी इथंच बरा,” ते म्हणाले.

मुलगी पाटावरून उठेपर्यंत टेबलाकडे बघत होती. भाऊ लॅपटॉपवर वाकले होते. मग बायका तिला अंघोळीला आत घेऊन गेल्या. वाटी रिकामी होती की नव्हती, मला दिसलं नाही.

भाऊ आता अंबरनाथला नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी खोली सोडली आणि सोलापूरकडे भावाकडे गेले, असं घरमालकाने सांगितलं. मला सांगायला ते वर आले होते, पण आम्ही त्या दिवशी बाहेर होतो. यंत्राचं काय केलं ते कळलं नाही. त्यांच्या खोलीत आता एक शिकवणी चालते आणि संध्याकाळी जिन्यात पाढे ऐकू येतात. कधी कधी कुठल्याशा हळदीत एखादं गाणं मध्येच बंद पडतं, तेव्हा मी उगीच टेबलामागे कोण आहे ते बघायला मान उंच करतो.

त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिला. सामान आवरताना कंत्राटदाराने भाऊंना ठरलेले चार हजार दिले. मी मोजले, बरोबर होते. भाऊंनी ते शर्टाच्या खिशात ठेवले नाहीत. हातात धरून ते टेबलामागून निघाले, मांडव ओलांडला आणि स्वयंपाकाच्या बाजूला धवलारीण बशीतून चहा पीत बसली होती तिथे गेले. टेम्पोवाला घाई करत होता म्हणून मीही त्यांच्या मागोमाग गेलो.

त्यांनी पैसे तिच्या पुढ्यात धरले.

“ह्ये कशाला?” ती म्हणाली. “माजं घरातून देतील.”

“घरातून कोण देतं?”

“बाप देतो. कोन देनार?”

भाऊंनी हात मागे घेतला नाही. म्हातारीने बशी खाली ठेवली, त्यांच्याकडे नीट वर बघितलं, मग मांडवापलीकडच्या टेबलाकडे, आणि पुन्हा त्यांच्याकडे. तिने नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या आणि कनवटीला खोचल्या.

आम्ही टेम्पोकडे वळलो तोच मामा तिकडे साडी आणि पाकीट घेऊन आला. तिने साडी घेतली. पाकीट परत केलं.

“पैशे पावले मना,” ती म्हणाली.

“कोनी दिले?”

“पोरीच्या बापानं.”